वर्गातले यंत्र आणि कपाटाची किल्ली

दिंडोरीच्या बाजारपेठेत माझे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. आयटीआयचा अभ्यासक्रम संपवून १९९० साली ते सुरू केले आणि वीस-बावीस वर्षे चालवले. जुना संच दुरुस्त करण्यापेक्षा लोक नवा घेऊ लागले तेव्हा बंद केले. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे काही वाचले ते नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, रद्दीच्या दुकानांत आणि अलीकडे मोबाइलवर उतरवून घेतलेल्या जुन्या अहवालांत. हे आधीच सांगतो, कारण पुढचा विषय शिक्षणाचा आहे आणि मी शिक्षक नाही. शाळांमधली यंत्रे दुरुस्त करणारा माणूस आहे. यंत्र कशाने बंद पडते एवढे मला कळते. आणि शाळांत मी जी बंद यंत्रे पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत बिघाड असा काही नव्हताच.

१९९३च्या सुमाराची गोष्ट. तालुक्याच्या पश्चिमेला, पेठच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरच्या शाळेतून निरोप आला की टीव्ही लागत नाही. मी राजदूतवर हत्यारांची पिशवी बांधून गेलो. संच लोखंडी कपाटात होता, त्यावर शिवून घेतलेले कापडी आवरण, आवरणावर वाळलेले हळदकुंकू. उंदराने आतली एक वायर कुरतडली होती. वीस मिनिटांचे काम. पडद्यावर चित्र आले तेव्हा खिडकीच्या गजांना पोरे लटकलेली होती आणि कोणी तरी मोठ्याने हसले. गुरुजींनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "भाऊ, हा रोज लावला तर टिकेल का हो?"

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होतो आणि मला माझी हुशारी दाखवायची होती. म्हणालो, "गुरुजी, तुमच्याकडं विजेचा दाब कधी दीडशे, कधी अडीचशे. स्टॅबिलायझर नाही. रोज लावाल तर जळेल. साहेब येतील तेव्हा लावा, बाकी कुलपातच बरा."

गुरुजींच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. संचाची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होती, किमतीसह. जळाला असता तर वसुली कोणाच्या पगारातून, हा प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नव्हता. त्यांनी संच बंद केला, आवरण चढवले आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. पोरे खिडकीवरून उतरली.

तांत्रिक दृष्ट्या माझा सल्ला बरोबर होता. पण गेली काही वर्षे तो मला खुपतो आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्ता वर्गात येते आहे. कोणी म्हणते आता शिक्षकाची गरज उरणार नाही, कोणी म्हणते मुलांचे वाटोळे होणार. हे दोन्ही सूर मला ओळखीचे वाटले, म्हणून मी मागे जाऊन पाहू लागलो. आपल्या शाळांत यंत्रे याआधी किती वेळा आली, काय सांगून आली, आणि त्यांचे काय झाले? त्या शोधाचा हा वृत्तान्त.

अंकुराची वाढ

सुरुवात नाशिक जिल्ह्यातूनच करता येते. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत लागला हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरायचा, कॅमेरा समोर रोवायचा आणि रोप वाढत जाईल तसे थोडे थोडे चित्रण करत राहायचे. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसे. 'अंकुराची वाढ' हे तिचे नाव. भांडवल देऊ शकणाऱ्या माणसांना आपले कसब दाखवावे हा तिचा हेतू होता. पण आज ती फिल्म पाचवीच्या विज्ञानाच्या तासाला लावली तर कोणालाही ती पाठासाठीच केली असे वाटेल. फाळक्यांनी पुढे काचेच्या कारखान्यासारख्या विषयांवरही छोट्या फिल्मा काढल्या.

१९१३ सालीच अमेरिकेत थॉमस एडिसनने एका मुलाखतीत भाकीत केले होते की शाळांतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, मुले चित्रपटातून शिकतील आणि दहा वर्षांत शाळेची सगळी व्यवस्था बदलून जाईल. दहा वर्षे गेली, शंभर गेली. पुस्तके राहिली. एडिसन यंत्राच्या बाबतीत चुकला नव्हता. फिल्म खरोखर शिकवू शकते. फाळक्यांच्या वाटाण्याने ते दाखवले. त्याचा अंदाज चुकला तो वर्गाच्या बाबतीत. वाटाणा उगवताना पाहून मुलाच्या मनात जो पहिला प्रश्न येतो, तो पडद्याला विचारता येत नाही.

फळा हीसुद्धा एकेकाळी नवी वस्तू होती. पंतोजीच्या शाळेत धूळपाटी असे. प्रत्येक पोराची वेगळी, आणि पंतोजी पाटीपाशी जाऊन अक्षर गिरवून घेई. भिंतीवर फळा आला आणि एकाच वेळी साऱ्या वर्गाला एकच गोष्ट दाखवण्याची सोय झाली. सोय मोठी होती, पण तिची किंमतही होती. मागच्या बाकावरच्याचे काय अडले ते फळ्याला दिसत नाही. पुढची बहुतेक यंत्रे फळ्याचीच भावंडे निघाली.

दीडशे गावे आणि एक निमंत्रक

माझ्या शोधात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट शाळेतली नाही. ती १९५६ सालच्या शेतकऱ्यांची आहे, आणि तिच्यात आपला नाशिक जिल्हा आहे.

पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. तीन वर्षांनी युनेस्कोच्या मदतीने तिथून एक प्रयोग झाला. कॅनडात शेतकऱ्यांची रेडिओ-मंडळे चालत. तोच नमुना मराठी मुलखात आणला गेला. पाच जिल्ह्यांतली १५० गावे निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचे एक मंडळ, त्याला एक निमंत्रक. दहा आठवडे, आठवड्याला दोन, असे २० कार्यक्रम. मंडळींनी एकत्र बसून ऐकायचे, रेडिओ बंद करायचा, ऐकलेल्यावर बोलायचे, गावात काय करता येईल ते ठरवायचे. पडलेले प्रश्न निमंत्रकाने लिहून पुण्याला पाठवायचे. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून येत.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. ती पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाच्या हाताखाली झाली आणि पद्धत मोठी चोख होती. मंडळ असलेल्या गावांची तुलना त्यांनी दोन प्रकारच्या गावांशी केली. काही गावांत रेडिओच नव्हता. काही गावांत रेडिओ होता, कार्यक्रम तेच ऐकू येत होते, पण मंडळ नव्हते. प्रयोगाआधी आणि नंतर तिन्हीकडच्या माणसांना तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माणसांची माहिती ठळकपणे वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने फारच थोडी.

हे वाचले तेव्हा मी वाचनालयात बराच वेळ तसाच बसून राहिलो. आवाज तोच, मजकूर तोच, यंत्र तेच. फरक होता तो ऐकून झाल्यावर यंत्र बंद करून "बरं, आता बोला" म्हणणाऱ्या माणसाचा, आणि पुण्याला जाऊन उत्तर घेऊन येणाऱ्या पत्राचा. यंत्र आणि शिकणे यांच्यामधली कडी कोणती, याचे इतके स्वच्छ उत्तर आपल्याच जिल्ह्यांत सत्तर वर्षांपूर्वी मिळाले होते. १९५९ साली हा उपक्रम देशभर नेला गेला. पण दीडशे गावांत जेवढी बारीक देखरेख झाली तेवढी हजारो गावांत शक्य नव्हती. रेडिओ पसरत गेला, मंडळे मागे पडली.

आकाशातून पाठ

१९७५-७६ मध्ये 'साइट' हा उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम उतरवले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. १९८३ साली आपला इन्सॅट-१बी आकाशात गेला आणि मग आपली पाळी आली. २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात बालचित्रवाणी स्थापन झाली.

माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान वाचकांना बालचित्रवाणीचे नाव काढले की सूर आठवतो. शाळेला दांडी मारून घरी थांबलेल्या मुलानेही ते कार्यक्रम पाहिलेले असतात. बाहुल्या, प्रयोग, गोष्टी, गणित. मराठीत मुलांसाठी इतक्या जिव्हाळ्याने केलेले काम फार थोडे आहे. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर केंद्राच्या योजनेतून शाळांना रंगीत टीव्ही आणि रेडिओ-कॅसेट संच मिळू लागले. टीव्हीच्या किमतीचा तीन चतुर्थांश भाग केंद्र उचले, रेडिओ-कॅसेटचा सगळा. पाड्यावरच्या त्या कपाटातला टीव्ही याच काळातला. १९८७च्या खडू-फळा मोहिमेत शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे साहित्य द्यायचे ठरले. म्हणजे एका बाजूला उपग्रह उडाला होता आणि दुसऱ्या बाजूला अनेक शाळांना खडू आणि दुसरी खोली पोहोचवायची होती. या दोन्ही गोष्टी एकाच सरकारी कागदावर शेजारी शेजारी नांदत होत्या.

दुकानात बसून जे दिसले ते सांगतो. कार्यक्रमाची वेळ ठरलेली. त्या वेळी वीज असेल तर संच लागणार. वीज असली तर चार इयत्ता एका खोलीत, आणि कार्यक्रम त्यांतल्या एकीसाठी. तेवढ्यात गुरुजींना जनगणनेचे किंवा निवडणुकीचे काम. संचाला स्टॅबिलायझर द्यायला तरतूद नाही, दुरुस्तीला तरतूद नाही, मात्र हरवला-मोडला तर जाब आहे. अशा वेळी शहाणा माणूस जे करील तेच गुरुजींनी केले. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. यंत्र देणाऱ्याने संच दिला, पण वापरताना तो बिघडेल हे मान्य करून दिला नाही. न बिघडता राहील असे यंत्र एकच, कुलपातले. बालचित्रवाणी २०१७ साली बंद करण्यात आली. तिचे हजारो कार्यक्रम मागे राहिले.

त्या १९८४ वर्षात आणखी दोन गोष्टी घडल्या. १९८४-८५ मध्ये 'क्लास' या योजनेतून निवडक माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. आणि तिकडे शिकागोत बेंजामिन ब्लूम या शिक्षणशास्त्रज्ञाने एक निबंध छापला. एका मुलाला एक शिक्षक मिळाला तर साधारण मूलही वर्गातल्या अगदी वरच्या मुलांइतके शिकते, मग साऱ्या मुलांना परवडेल अशा रीतीने हे कसे साधायचे, असा त्याचा प्रश्न होता. पुढच्या संशोधकांना इतका मोठा फरक क्वचितच आढळला. पण प्रश्न राहिला. आज कृत्रिम बुद्धिमत्ता विकणारा प्रत्येक जण ब्लूमचाच प्रश्न दारात घेऊन येतो आणि म्हणतो, उत्तर माझ्या पेटीत आहे.

पाच वर्षांनी, १९८९ साली, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. पहिले कुलगुरू राम ताकवले हे तंत्रज्ञानाचे मोठे पुरस्कर्ते होते. तरी त्या विद्यापीठाची रचना पाहा. पुस्तक घरी, ध्वनिफीत घरी, पण जवळच्या गावात अभ्यासकेंद्र, आणि तिथे अडलेले समजावून सांगणारा माणूस. म्हणजे १९५६चा निमंत्रकच.

लॅपटॉप, क्यूआर कोड, भोंगा

२००७ साली कर्जतजवळच्या खैरात या वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप, पोरांच्या दप्तरात मावणारे. मोहिमेमागचा विश्वास असा की यंत्र मुलाच्या हाती द्या, ते आपले आपण शिकेल. या विश्वासाची मोठी परीक्षा पेरू देशात झाली. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१२ साली आला. मुलांच्या हाती लॅपटॉप आले, वापर वाढला, पण गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही.

मग यंत्राने काहीच होत नाही म्हणावे? तसेही नाही. २०१५ साली दिल्लीत गरीब वस्त्यांतल्या ६१९ मुलांवर एक अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना शाळेनंतरच्या केंद्रात जागा दिली. तिथे संगणकावरचा कार्यक्रम मुलाची खरी पातळी ओळखून तिथून प्रश्न देई. सातवीतले मूल तिसरीच्या गणितात अडले असेल तर तिसरीपासून. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितात आणि हिंदीत लक्षणीय प्रगती झाली. मात्र निष्कर्ष सांगताना एक तपशील बहुधा गळतो. मूल त्या केंद्रात जितका वेळ संगणकावर बसे तितकाच वेळ पंधराएक मुलांच्या गटात एका मदतनीसाबरोबर बसे.

महाराष्ट्रात २०१५च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा परिषदेच्या शाळा 'डिजिटल' करण्याची लाट आली. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले, टॅब आले. कुठे हे नुसते फलक रंगवण्यापुरते झाले, कुठे खरोखर काम झाले. पुढे रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांनी क्यूआर कोडची गोष्ट सांगितली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत त्यांनी पाठ्यपुस्तकात कोड चिकटवले, ते मोबाइलवर टिपले की कविता ऐकू येई, पाठ दिसे. पुढे राज्याच्या पुस्तकांत असे कोड आले. पुरस्काराच्या माहितीत त्याआधीची एक ओळ आहे. तिथल्या मुलींची घरची भाषा कानडी होती आणि पुस्तकाची भाषा त्यांना कळत नव्हती. डिसले यांनी आधी त्यांची भाषा शिकून घेतली, मग पुस्तक त्यांच्या भाषेत आणले. कोड चिकटवणे सोपे आहे. कोडमागे काय ठेवायचे हे कळायला कानडी यावी लागली.

करोनाच्या काळात सगळेच उघडे पडले. २०२० साली जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली. मुलांना घरच्या मोठ्यांबरोबर, आसपासच्या वस्तूंतून शिकवणारी. जव्हार-मोखाड्याच्या काही पाड्यांवर एका संस्थेने भोंग्यावरून पाठ ऐकवले, कारण तिथे स्मार्टफोनही नव्हते आणि रेंजही नव्हती. पोरे त्या भोंग्याला 'स्पीकर दादा', 'स्पीकर ताई' म्हणू लागली. तिथेही स्वयंसेवक सोबत होते. १९५६ पुन्हा आले होते, वेगळ्या कपड्यांत.

नागली आणि नाचणी

कृत्रिम बुद्धिमत्ता शाळेत आली ती काही २०२२च्या चॅटजीपीटीबरोबर नाही. १९७० साली हाइमे कार्बोनेल याने अमेरिकेत 'स्कॉलर' नावाचा कार्यक्रम केला होता. तो दक्षिण अमेरिकेच्या भूगोलावर विद्यार्थ्याशी प्रश्नोत्तरे करी. विद्यार्थीही त्याला प्रश्न विचारू शके. पडद्याला प्रश्न विचारता येत नाही ही एडिसनची अडचण तत्त्वतः तिथेच सुटली होती. ती आपल्या पाड्यापर्यंत, मराठीत, फुकट यायला पन्नास वर्षे लागली. आता मूल मोठ्याने वाचते आणि मोबाइल ऐकून कुठे अडखळले ते दाखवतो, असे कार्यक्रम मराठीतही आहेत. सीबीएसईने २०१९ पासून नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय केला आणि २०२६-२७ पासून तो तिसरीपासून शिकवण्याची घोषणा केंद्राने केली आहे.

माझी पुतणी दिंडोरी तालुक्यातच एका दोनशिक्षकी शाळेत शिक्षिका आहे. तिच्या शाळेची अडचण आमच्या तालुक्याची खास आहे. ऑक्टोबर छाटणीला सुरगाणा-पेठेकडची कुटुंबे द्राक्षबागांवर मजुरीला येतात. सोबत पोरे येतात, मध्येच शाळेत बसतात, हंगाम सरला की जातात. एकाला अक्षरओळख नाही, एक भागाकारापर्यंत पोहोचलेला, दोघे एकाच बाकावर. दोन शिक्षकांनी काय करावे? ही पोरे ब्लूमच्या प्रश्नाचे जिवंत रूप आहेत. दिल्लीच्या केंद्रात जे झाले ते त्यांच्यासाठी झाले तर हवेच आहे. म्हणून ती मोबाइलवर हे नवे कार्यक्रम वापरते आणि मी दर रविवारी तिच्याकडून हकिकती गोळा करतो.

पहिली हकिकत. ती एका कार्यक्रमाकडून गणिताची शाब्दिक उदाहरणे करून घेते. पहिल्या वेळी त्याने सफरचंदे आणि मॉल दिले. तिने सांगितले, द्राक्षांचे क्रेट घे, मजुरी घे. मग चांगली वीस उदाहरणे निघाली. हाताने लिहायला दोन संध्याकाळी गेल्या असत्या. तो वेळ तिने नव्याने आलेल्या चार पोरांजवळ बसून घालवला. मला हा यंत्राचा निखळ फायदा वाटतो.

दुसरी हकिकत. त्याच कार्यक्रमाने लिहिलेल्या उताऱ्यात द्राक्षे भर पावसाळ्यात तोडली. उतारा वाचून झाल्यावर सगळा वर्ग हसला. तिने फळ्यावर लिहिले, "यंत्राची चूक शोधा." त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा हा तास होतो. ज्या पोरांचा हात एरवी वर होत नाही ती या तासाला बोलतात, कारण बागेतले त्यांना यंत्रापेक्षा जास्त कळते.

तिसरी हकिकत मात्र हसण्यासारखी नव्हती. सुरगाण्याकडच्या एका मुलीला चित्र दाखवून नाव विचारले. ती म्हणाली, नागली. यंत्राने लाल खूण केली आणि नाचणी असे बरोबर उत्तर दाखवले. पुढच्या चित्राला ती खुरासणी म्हणाली. यंत्राला कारळे हवे होते. तिसऱ्या चित्राला ती गप्प बसली आणि त्या दिवशी पुन्हा बोलली नाही. ती चुकली नव्हती. नाशिकच्या या पट्ट्यात आपण सगळेच नागली म्हणतो. पण पोरीला हे कोण सांगणार? पुतणीने मोबाइल बाजूला ठेवला, डब्यातली नागलीची भाकर काढली आणि सांगितले, "हिला पुस्तकात नाचणी म्हणतात. आपण नागली म्हणतो. दोन्ही खरं." पोर दुसऱ्या दिवशी शाळेत आली. न येण्याचीही शक्यता होती, आणि ती यंत्राच्या कुठल्याच नोंदीत दिसली नसती.

मोठ्या प्रमाणावरचे पुरावेही याच दिशेने बोट दाखवतात. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेतल्या जवळपास हजार मुलांवर झालेला एक अभ्यास अलीकडे बराच चर्चिला गेला. गणिताच्या सरावाला साधा चॅटबॉट दिला तेव्हा मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुले १७ टक्क्यांनी मागे पडली. त्यांनी उत्तरे घेतली होती, रीत घेतली नव्हती. तिसऱ्या गटाला असा चॅटबॉट दिला होता की जो उत्तर न सांगता सूचना करी, आणि त्या सूचना शिक्षकांच्या मदतीने लिहिलेल्या होत्या. त्या गटात हे नुकसान जवळपास झाले नाही.

किल्ली

एवढे सगळे समोर मांडल्यावर मला दोन भीती वाटतात, आणि दोन्ही यंत्राच्या नाहीत.

पहिली अशी की यंत्र हे शिक्षक न देण्याचे निमित्त होईल. शिक्षण हक्क कायदा साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्या म्हणतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची योजना २०२३ साली राज्यात पुढे आली तेव्हा पाड्यांवर केवढी अस्वस्थता पसरली ते मी पाहिले आहे. उद्या कोणी म्हणेल, रिकाम्या जागेवर एक पॅनेल लावू. त्याला १९५६चे निकाल दाखवावे लागतील. रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्या गावांचे काय झाले ते सत्तर वर्षांपूर्वीच मोजून ठेवले आहे.

दुसरी भीती जुनी आहे: कुलूप. देशभरात २०२४च्या 'असर' पाहणीत १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुले स्मार्टफोन वापरू शकत होती. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असे ५७ टक्क्यांनी सांगितले, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. म्हणजे किल्ली आता मुलांच्याच खिशात आहे. शाळेने यंत्र कपाटात ठेवले तरी मूल त्याच्यापासून शिकणारच, फक्त शेजारी कोणी नसताना. तेव्हा भीतीपोटी कुलूप घालणाऱ्या शिक्षकालाही कुठून तरी धीर मिळायला हवा: दुरुस्तीचा खर्च, चूक झाली तर माफी, आणि नागलीसारखा शब्द पुढे कळवला तर कोणी तरी तो वाचून यंत्र सुधारील याची खात्री. १९५६ साली गावचे पत्र पुण्याला जायचे आणि उत्तर रेडिओवरून यायचे. ती परतीची टपाल आज यंत्रे इतकी हुशार होऊनही नाही.

गेल्या जूनमध्ये पुतणीच्या शाळेत लोकवर्गणीतून भिंतीवरचा मोठा टचस्क्रीन आला. बसवायला मीच गेलो. वायरिंग केले, अर्थिंग तपासले, या वेळी स्टॅबिलायझर स्वतःच्या पैशाने लावला. कंपनीच्या माणसाने त्याला लोखंडी दार आणि कुलूप दिले होते. मुख्याध्यापकांनी नोंदवहीत किंमत चढवली, थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहिले आणि मला विचारले, "काका, पोरांना हात लावू दिला तर टिकेल का हो?"

खिडकीत पोरे उभी होती. मी म्हणालो, "सर, रोज लावा. पोरांनाही लावू द्या. बिघडला तर मला फोन करा, मी येतो."

त्यानंतर दोनदा फोन आला. एकदा फ्यूज गेला होता. एकदा पडद्यावर कोणी तरी खडूने गणित केले होते.